शुभे, कडुलिंब काढा म्हणतायत

पंचवटी, नाशिक
रविवार

प्रिय शुभे,

किती दिवस लिहीन लिहीन म्हणतेय. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी बरंय, झालं. तुलाच लिहितेय कारण इथे कोणाला सांगितलं की म्हणतात, झाडच आहे ना, एवढं काय!

गच्चीवर सोलर बसवायचा म्हणून एकाला बोलावलं. वर गेला तसा लगेच खाली आला, म्हणे तीन किलोवॅट बसवू, सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी आहे, फक्त मागचा तो कडुलिंब काढावा लागेल. आपला कडुलिंब गं! ज्याच्या झोक्यावरून तू पडलीस आणि बाबांना जाऊन सांगितलंस मी ढकललं म्हणून. मी ढकललं नव्हतं, आजही सांगते. त्याला म्हटलं आपल्या आवारातलं झाड असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, तर म्हणे ते आम्ही बघतो ताई. विजेसाठी सूर्य वापरायचा आणि त्यासाठी झाड तोडायचं, हे मला पटूच शकत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच, विचारायचं कोणाला? सोलरवाला सोलर सांगतो, बोअरवाला अजून खोल जा म्हणतो, रंगवाला गच्चीला उष्णतारोधक रंग. जो तो आपलं विकतो, घर कोणी बघतच नाही. बीईईचे, म्हणजे वीजबचत बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचे, सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर असतात पण ते जास्त करून कारखान्यांचं काम करतात, सातपूर-अंबडची एमआयडीसी सोडून आपल्या चार खोल्यांत कोण येणार.

शेवटी तुझ्या त्या भांडखोर मावशीने (हो तीच, माझ्याशी चक्क गोड बोलली, तब्येत विचार तिची) एका आर्किटेक्टचा नंबर दिला. ही बाई आली ती हात हलवत, एक ब्रोशर नाही, आधी वर्षभराची लाईटबिलं मागितली आणि मग दुपारी तीनच्या उन्हात गच्चीवर उभी राहिली सावली कुठे पडते ते बघत. आम्ही महिन्याला १८० युनिटच्या आसपास जाळतो, एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅट पुरून उरतं, त्याला सबसिडी ६० हजार. मग तीन कशाला? सावलीचं तो सोलरवाला खोटं नव्हता बोलत, एका पॅनलवर सावली आली तरी अख्खी ओळ कमी वीज देते, पण पॅनल पूर्वेच्या अर्ध्या गच्चीवर घेता येतात ना! आणि कडुलिंब गेला तर पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये अशी तापेल की बाबांच्या खोलीत एसी लावावा लागेल, म्हणजे वाचवलेली वीज तिथेच. ती हे म्हणाली तेव्हा मला भरूनच आलं. आधी पंखे बदला म्हणाली, जुना पंचाहत्तर वॅट खातो, नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास.

दादा म्हणतो सगळे फुकट बघून जातात, हिला फी कशाला. कडाक्याचं भांडण झालं. अरे जो फुकट येतो तो पॅनलमधूनच काढतो ना, हिला काही विकायचंच नाही म्हणून तर ती झाड ठेवा म्हणू शकली! दादा अजून घुम्यासारखा बसलाय, तुला माहितीये तो.

पावसाच्या पाण्याचंही तिनेच वाचवलं. प्लंबर गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडत होता, तिने थांबवलं, पहिला पाऊस बाहेर जाऊ द्यायचा आणि नंतरचं वाळू-खडी-कोळशाच्या गाळणीतून. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलीमीटर पडला तरी शंभर लिटर होतात, आणि आपण ते गटारात सोडत आलो.

तुझ्या बदलीचं काय झालं? सोनूचे पेपर कसे गेले? काकांना नमस्कार.

आणि हो, तुमच्या रविवार कारंजाच्या वाड्याचं चुन्याचं काम ज्या गवंड्याने केलं त्याचा नंबर पाठव. मागची जुनी खोली चुन्याची, तिच्यावर कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारलाय, त्यामुळे ओल आत अडकते म्हणाली ती. इथे चुन्याचं काम येणारा माणूस मिळेना झालाय. मृगाच्या आत करून घ्यायचंय, विसरू नकोस.

तुझी
मंजू