झोपेसाठी भांगेचे तेल : नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सदाशिव पेठेत मी गेली ३१ वर्षे औषधांचे दुकान चालवतो. झोप न लागणारी माणसे पूर्वीही काउंटरवर येत आणि चिठ्ठीशिवाय एखादी गोळी मिळेल का, असे दबक्या आवाजात विचारत. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न बदलला आहे. ‘तुमच्याकडे ते विजयाचे तेल मिळते का?’ असे आता उघडपणे विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांत रात्रपाळी करणारी हिंजवडीची मुले जशी असतात, तसेच सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबाही असतात. विजया म्हणजे भांग. माझ्याकडे हे तेल नसते. पण त्यामुळे कोणाचे अडत नाही, कारण मोबाइलवर एक अर्ज भरला की एखाद्या वैद्यांचा फोन येतो, चिठ्ठी तयार होते आणि तीन-चार दिवसांत कुरिअरने बाटली घरपोच मिळते. या बाटलीबद्दल मला लिहायचे आहे, कारण तिच्यातले औषध मी स्वतः चार महिने घेतले आहे.

माझी झोप मोडली ती २०२१ च्या एप्रिलमध्ये. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविरसाठी लोक रात्री-अपरात्री दुकानाचे शटर वाजवत असत आणि बहुतेकांना ‘नाही’ सांगून परत पाठवण्यावाचून माझ्या हाती काही नव्हते. लाट ओसरली, शटर वाजायचे थांबले, मात्र रात्री दोनला डोळा उघडण्याची सवय गेली नाही. सव्वाचारच्या सुमारास आमच्या चौकात वर्तमानपत्रांचे गठ्ठे टेम्पोतून फूटपाथवर पडतात. तो आवाज ऐकू आला की आजची रात्रही गेली, हे मला कळत असे. असे आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि सलग तीन महिने होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. माझे दोन वर्षे चालले होते. झोपेच्या गोळ्यांची सवय कशी लागते हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले असल्यामुळे त्या मला नको होत्या, म्हणून मी भांगेच्या तेलाकडे वळलो. फोनवरचे बोलणे चार-पाच मिनिटांत आटोपले. रक्तदाब किती असतो, घोरता का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, यांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही.

औषधाने झोप आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जिभेखाली दोन थेंब ठेवले की तासाभरात डोळे जड होत आणि पहिले तीन आठवडे मी सहा-सहा तास सलग झोपलो. ज्यांना हा अनुभव आला आहे, ते खोटे बोलत नाहीत. भांगेतील टीएचसी या द्रव्यामुळे झोप लागायला जाणारा वेळ सुरुवातीला खरोखरच कमी होतो. आपल्या मेंदूत या द्रव्यासाठी जणू तयारच असलेले ग्राही, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटते अशा पेशींवरच्या जागा, आहेत आणि शरीर स्वतःही त्यांच्यासाठी एक पदार्थ बनवते. १९९२ मध्ये तो सापडला तेव्हा शास्त्रज्ञांनी ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून त्याचे नाव अनँडमाइड असे ठेवले. अडचण पुढे येते. बाहेरून नेमाने टीएचसी येऊ लागले की मेंदू हे ग्राही कमी करतो, आणि मग तेवढ्याच झोपेसाठी अधिक मात्रा लागते. माझे दोनाचे चार थेंब दुसऱ्या महिन्यात झाले आणि चौथ्या महिन्यात मी नऊ थेंबांवर होतो. प्रत्येक वेळी मात्रा मीच वाढवली होती. मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

एका पहाटे बाथरूमला जाण्यासाठी उठलो आणि दारापर्यंत पोहोचण्याआधीच डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत हाताशी होती म्हणून खांद्यावर निभावले. टीएचसीने नाडीचे ठोके वाढतात आणि एकदम उभे राहिले की रक्तदाब घसरू शकतो, हे पुस्तकात वाचलेले मला माहीत होते. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या शरीरावर कळण्याची वाट पाहायला नको होती. त्याच दिवशी मी बाटली कपाटात ठेवून दिली आणि औषध एकदम बंद केले. ही माझी दुसरी चूक.

औषध सोडल्यावर काय होते, हे बाटलीवर कुठेही लिहिलेले नव्हते. दुसऱ्या रात्रीपासून झोप पूर्वीपेक्षाही वाईट झाली, दिवसा विनाकारण चिडचिड होऊ लागली, जेवण जाईना. तिसऱ्या-चौथ्या रात्री स्वप्ने सुरू झाली. गेल्या चार महिन्यांत मला एकही स्वप्न आठवत नव्हते, आणि आता एकामागून एक इतकी ठसठशीत स्वप्ने पडत होती की घामाघूम होऊन जाग येई. त्यांतल्या एकात माझे दिवंगत वडील गल्ल्याशी बसून पितळी तराजूत काहीतरी तोलत होते आणि मला ‘नोंद केलीस का’ असे विचारत होते. टीएचसीमुळे स्वप्नांची झोप, जिला डॉक्टर आरईएम म्हणतात, ती दबते आणि औषध बंद केले की उसळून वर येते. भांग-गांजा नेमाने घेऊन सोडणाऱ्यांमध्ये ही लक्षणे एक-दोन आठवडे राहतात, झोपेची तक्रार तर त्याहूनही अधिक काळ रेंगाळू शकते. नेमका इथेच माणूस फसतो. ‘औषध सोडले की झोप जाते, म्हणजे मला या औषधाची गरजच आहे,’ असे त्याला वाटते आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. वास्तविक ती रात्र औषध सुटल्याची असते.

वडिलांचा स्वप्नातला प्रश्न मला दिवसाही सोडीना, कारण माझ्या दुकानात झोपेच्या प्रत्येक गोळीची नोंद असते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. ती देताना मला डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. एकच माणूस दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आला, तर ते या वहीत दिसते. भांगेच्या तेलासाठी असे काहीच नाही. आयुर्वेदिक औषधे विकायला आपल्याकडे विक्रीचा परवाना लागत नाही. भांग ही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा बाटलीवर छापावा लागतो. माझ्या बाटलीवरही तो होता, पण भिंग घेऊन वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरात. एका थेंबात टीएचसी किती, हे मात्र भिंगानेही सापडले नाही. ही देखरेख करायची कोणी आणि कशी, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

कायद्याचे बोलायचे, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, पण त्याच झाडाच्या पानांना, म्हणजे भांगेला, त्या व्याख्येबाहेर ठेवले आणि भांगेचा विषय राज्यांवर सोडला. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार भांगही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. पानांच्या अर्काला औषध म्हणून जी वाट मिळाली आहे, ती या दोन कायद्यांमधल्या फटीतून जाते. मी बंदी मागत नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षीदार तपासून, भांगेच्या बेताच्या वापराने फारसे नुकसान होत नाही असे म्हटले होते, आणि तेलाचे पुरस्कर्ते त्याचा दाखला नेहमी देतात. पण त्या काळची भांग म्हणजे पाटा-वरवंट्यावर घोटलेला पाला. आजचे तेल त्या पाल्याचा अर्क आहे. एकाचा निर्वाळा दुसऱ्याला लावता येत नाही.

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. मी त्यांना बाईच म्हणतो. परवा मी त्यांना तेलाबद्दल सावध केले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, झाडपाल्याचं औषध आहे, त्यानं काय होणार?’ हे वाक्य मला रोज ऐकायला मिळते. ते आयुर्वेदावर अन्याय करणारे आहे, असे माझे मत आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांग आणि अफू यांची नावे शेजारी-शेजारी येतात, ‘व्यवायी’ द्रव्याची उदाहरणे म्हणून. म्हणजे पचण्याआधीच सर्व शरीरभर पसरणारे द्रव्य. जुने वैद्य भांग शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय औषधात घालत नसत आणि नाडी पाहिल्याशिवाय देत नसत. त्यांनी तिला जपून हाताळायचे औषध मानले, म्हणून चार मिनिटांच्या फोनवर ती देणाऱ्याला परंपरेचे नाव घेता येऊ नये. बाईंना हृदयाचा त्रास आहे आणि त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी घेतात. भांगेतील दुसरे द्रव्य, सीबीडी, या गोळीचा यकृतातील निचरा मंदावते. त्यामुळे रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. सीबीडीचे शुद्ध औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले खरे, पण ते अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी, झोपेसाठी नव्हे. जे जोरात घोरतात आणि ज्यांचा श्वास झोपेत मध्येच अडकतो, त्यांच्यासाठी भांग वापरू नये असे अमेरिकेतील झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे.

तरुणांचा प्रश्न याहून निराळा आहे. रात्रपाळीहून सकाळी घरी येणारी मुले झोपेसाठी तंबाखूत गांजा मिसळून ओढतात आणि त्याला व्यसन मानायला तयार नसतात. अगदी थोडा गांजा जवळ सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना ठाऊक असते. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला संरक्षणही दिले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आपल्या शहरात आहे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मला झोप परत मिळाली ती एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्यावर. त्यांनी औषध दिले नाही, रेघा आखलेला एक कागद दिला. किती वाजता पडलो, कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, हे दोन आठवडे लिहायचे. मग त्यांनी माझी अंथरुणातली वेळच कापली : रात्री बारा ते पहाटे साडेपाच, त्याबाहेर गादीला पाठ लावायची नाही, वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसायचे, सकाळी उठण्याची वेळ रविवारीही बदलायची नाही, दुपारनंतर चहा बंद. अनिद्रेसाठीच्या या वर्तनोपचाराला अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये आणि युरोपातील निद्रासंशोधकांनी २०२३ मध्ये पहिली उपचारपद्धती मानले आहे. पहिले दोन आठवडे फार कठीण गेले, दुकानात उभ्याउभ्या डोळे मिटत. सहाव्या आठवड्यात मी गठ्ठ्यांच्या आवाजाशिवाय पाच तास झोपलो. आजही महिन्यातून एक-दोन रात्री जातात, पण मी त्यांना घाबरत नाही.

हा उपचार पुण्यात मिळतो, पण तो परवडणाऱ्यांना आणि माहीत असणाऱ्यांना. महापालिकेच्या दवाखान्यांतील परिचारिकांना तो शिकवता येईल; त्याला यंत्र लागत नाही, कागद, पेन आणि सहा-सात भेटी लागतात. दुसरी विनंती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला. झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या भांगयुक्त औषधाच्या बाटलीवर एका थेंबातील टीएचसीचे प्रमाण ठळक अक्षरात असावे, औषध एकदम बंद केल्यास काय होते याची मराठीतून सूचना असावी, रुग्णाची इतर औषधे विचारल्याशिवाय चिठ्ठी दिली जाऊ नये आणि प्रत्येक विक्रीची नोंद ठेवली जावी. माझ्या दुकानातल्या एका पट्टीसाठी जो नियम आहे, तोच कुरिअरने येणाऱ्या बाटलीला लावावा, एवढेच मागणे आहे.

बाईंनी तेल अजून सोडलेले नाही. मी त्यांना ते एकदम सोडायला सांगितलेही नाही, कारण वॉरफरिन चालू असताना तेल कसे कमी करायचे हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावे आणि मात्रा मी एका कागदावर लिहून दिल्या, शेवटच्या ओळीत तेल आणि थेंबांची संख्याही लिहिली. गुरुवारी त्यांची हृदयतज्ज्ञांकडे तपासणी आहे. तो कागद आणि ती बाटली दोन्ही पिशवीत घेऊन जाईन, असे त्यांनी कबूल केले आहे.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता
सदाशिव पेठ, पुणे