धुळीचा ठिपका की अनुस्वार? एका ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

विकिस्रोतावरच्या माझ्या सदस्य पानावर तुमचं नाव आहे, कारण तिथला नियमच तसा आहे. या पत्रात मात्र ते नको, असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथे नुसतं ‘ताई’. आभार चारचौघांत मानू द्या, एवढी परवानगी मी हट्टाने मागून घेतली.

परवा रात्री पुस्तकाचं शेवटचं पान पिवळं झालं. वनस्पतींवरचं ते जुनं, प्रताधिकारमुक्त पुस्तक, ४१२ पानांचं. ‘६० पानांवर का थांबलं?’ असं विचारत तुम्ही माझ्या चर्चापानावर आला होतात, तेच.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते. विकिस्रोत हे जुन्या ग्रंथांचं मुक्त ग्रंथालय, २००३ साली सुरू झालेलं, विकिपीडियाचं धाकटं भावंड. तिथे पुस्तकाचं स्कॅन चढवलं की संगणक अक्षरं ओळखून मजकूर तयार करतो. तो न तपासता जतन केला तर पान लाल. एकाने छापील पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहिली की पिवळं. मग दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. आपण पिवळं केलेलं पान आपल्यालाच हिरवं करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या मराठी छपाईत अनुस्वारांचा पाऊस असतो. ‘वनस्पतीचें नांव’, ‘पांच पानें’, ‘जमिनींत’. कागद जीर्ण, त्यावर धूळ, बुरशीचे डाग, मधेच उडालेली शाई. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, पण ते निदान वाचताना अडखळवतात. ठिपक्यांचं तसं नाही. संगणक कधी धुळीच्या कणाला अनुस्वार समजतो, तो लगेच खटकतो. कधी खरा अनुस्वार गिळून टाकतो, आणि हा फसवतो. कारण ‘नांव’वरचा ठिपका गेला की उरतं ‘नाव’, आणि आज आपण तसंच लिहितो. चूक डोळ्यांना बरोबर वाटते! छापलंय तसं उतरवायचं, सुधारायचं नाही, हा आमचा दंडक. म्हणून डोळ्यांत तेल घालून प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पाहावं लागतं. कितीतरी वेळा मी स्कॅन चौपट मोठं करून एकाच ठिपक्याकडे बघत बसले आहे. छपाईचा ठिपका काठाला जरा घट्ट, काळा असतो. धुळीचा कडेला विरत जातो. हे मला कुणी शिकवलं नाही, पानं करता करता कळलं.

एका पानाला मला सरासरी २० मिनिटं लागतात. ४१२ पानांचे झाले सुमारे १३७ तास. रोज रात्री एक तास धरला तरी साडेचार महिने.

हे तास माझ्याकडे नव्हते. दिवसा नोकरी, आणि रात्री टंकलेखनाचं काम, पानामागे पैसे मिळणारं. ते सोडलं तर महिन्याचं गणित कोलमडायचं. त्यात माझा स्कॅनर सपाट काचेचा, पुस्तक उघडून पालथं दाबावं लागे. ६०व्या पानाशी पुस्तकाचा कणा करकरला आणि मी हात आखडता घेतला. शंभर वर्षं टिकलेलं पुस्तक माझ्या हातून मोडणार असेल, तर ते कपाटातच बरं, असं ठरवून मी थांबले होते.

हेच मी तुम्हाला लिहिलं. मदत मागावी असं मनातही नव्हतं. दोन दिवसांनी तुमचा मेल आला. त्यात कौतुकाचे शब्द फार नव्हते, प्रश्न होते: कोणता स्कॅनर लागेल? रात्रीचं काम सहा महिने थांबवायचं तर किती लागेल? आणि मी पैसे दिले तर तुमच्या कामाला कसला बट्टा तर लागणार नाही ना? हा तिसरा प्रश्न वाचून मी स्क्रीनसमोरून उठले आणि थोडा वेळ घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिले.

कारण त्याच्या वर्षभर आधी मी पोळले होते. एका संस्थेच्या मंडळींनी (नाव घेत नाही) विकिपीडियावरच्या माझ्या कामासाठी ‘प्रायोजकत्व’ देऊ केलं होतं. बोलणं दोन आठवडे गोड चाललं. मग हळूच विषय निघाला, की त्यांच्या संस्थापकांवरच्या लेखातला वादाचा परिच्छेद तेवढा ‘सौम्य’ करता येईल का. त्या परिच्छेदाला वर्तमानपत्रांतले संदर्भ होते, पाच-सहा जणांनी चर्चा करून तो लिहिला होता. मी नाही म्हटलं. पैसे आले नाहीत, त्याचं दुःख नाही. दुःख याचं की त्यानंतर कित्येक महिने मदतीचा शब्द काढणाऱ्या प्रत्येकाकडे मी संशयाने पाहू लागले. माझा स्वभाव तसा नाही.

लोकांना वाटतं, विकिपीडियाला देणगी दिली की ती लिहिणाऱ्यांपर्यंत पोचते. तसं नाही. ती हे सगळे प्रकल्प चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे जाते आणि त्यातून सर्व्हर चालतात, अभियंत्यांचे पगार होतात, कायदेशीर कामं होतात, गटांना आणि उपक्रमांना अनुदानं मिळतात. ते सगळं हवंच. पण लेख लिहिणारे, पानं तपासणारे बिनपगारी आहेत, आणि पुस्तकं, इंटरनेट, प्रवास हे बहुतेक जण पदरमोड करून भागवतात. फाउंडेशनच्या अनुदानांसाठी आराखडा, अंदाजपत्रक, अहवाल हे सगळं लागतं. सार्वजनिक पैसा आहे, लागायलाच हवं. एका बाईला एका पुस्तकासाठी रात्रीचा एक तास मोकळा करून द्यायचा, हे त्या चौकटीत सहज बसत नाही. आणि आणखी एक सांगते: फाउंडेशनच्या एखाद्या निर्णयावर आम्ही स्वयंसेवक खडसावून बोलतो, बोललंच पाहिजे. ज्याचा खर्च बाहेरून भागतो, त्याला ते बोलताना जीभ चावावी लागत नाही.

बाहेरून पैसा येणं नवीन नाही. २००७ मध्ये फिलिप ग्रीनस्पन या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी २०,००० डॉलर दिले होते, लेखांसाठी आकृत्या काढणाऱ्यांना मोबदला मिळावा म्हणून. २०१२ मध्ये विकिडेटा हा विकिपीडियाच्या कुटुंबातला माहितीसाठा उभा राहिला तो ॲलन इन्स्टिट्यूट, मूर फाउंडेशन आणि गूगल यांच्या १३ लाख युरोंवर. तिथे प्रणाली बांधणाऱ्यांना पगार होता, माहिती भरली ती मात्र स्वयंसेवकांनी. मोठे आकडे, मोठी नावं. तुमच्यासारखं एकट्या वाचकाने एकट्या कार्यकर्तीच्या पाठीशी उभं राहणं फारसं ऐकू येत नाही, म्हणून मला ते इथे लिहून ठेवायचं आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपण दोघींनी मिळून शोधलं. मोबदला घेऊन संपादन करत असाल तर पैसे कोण देतं ते उघड करा, हे २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. आपलं प्रकरण त्यात नेमकं बसतं की नाही यावर मी घोळ घालत होते, तर तुम्ही म्हणालात, ‘शंका आहे ना, मग लिहूनच टाका.’ मी सदस्य पानावर लिहिलं: मदत कुणाची, कशासाठी, किती महिने; पुस्तक मदतीच्या आधीच निवडलेलं; तुमच्याशी किंवा तुमच्या व्यवसायाशी संबंध असलेल्या कुठल्याही लेखाला मी हात लावणार नाही. तुम्ही मसुद्यात एकच बदल सुचवलात. ‘उदार’ हा शब्द काढायला लावलात.

सहा महिन्यांत तुम्ही एकदाही विचारलं नाही, की किती पानं झाली. तिसऱ्या महिन्यात माझी तब्येत बिघडली आणि तीन आठवडे एकही पान झालं नाही. मी ओशाळून कळवलं, तर तुमचं उत्तर दोन ओळींचं: ‘पैसे पानांचे दिलेले नाहीत. झोपा.’ ताई, मी खरंच झोपले. पानामागे पैसे मोजून घेणाऱ्या माणसाला या वाक्याने काय वाटतं, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या दिवसापासून संशयास्पद ठिपक्यावर मी घड्याळाकडे न बघता थांबू लागले. आधीच्या पानांपेक्षा नंतरची पानं चांगली झाली आहेत, हे माझं मलाच दिसतं. म्हणून पहिली ६० पानं मी मागे जाऊन पुन्हा तपासली. गिळलेले ३१ अनुस्वार सापडले.

नवा स्कॅनर वरून टिपतो, पुस्तक अर्धवट उघडं ठेवलं तरी चालतं. कणा आणखी तडकलेला नाही. पुस्तक ज्यांचं होतं त्यांना ते मागच्या आठवड्यात धड परत केलं. आता स्कॅनर माझ्या एका सहकाऱ्याकडे चाललाय, त्याच्याकडे दोन दुर्मिळ कोश आहेत. यंत्र एका घरात अडकून पडू नये असं तुम्ही सुरुवातीलाच म्हणाला होतात.

आणि एक विनंती. बरीच पानं सहकाऱ्यांनी हिरवी करायला घेतली आहेत. पान २१२ अजून पिवळं आहे. त्यावर तक्ता आहे, आणि तिसऱ्या ओळीत एक ठिपका, जो मी अनुस्वार धरलाय, पण मन पुरतं खात्री देत नाही. तुम्ही खातं उघडणार होतात ना? उघडा, आणि तो एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा. तोवर दुसऱ्या कुणी ते पान हिरवं केलं, तर २१३ आहे.

तुमची कृतज्ञ,
विकिस्रोतावरची एक कार्यकर्ती