चि. निखिलला, सफारीचे पैसे भरण्याआधी

दादर, मुंबई

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

केनियातल्या मसाई माराच्या सफारीचं कोटेशन बाबांनी आणि मी नीट वाचलं. तंबूबाहेरचा खासगी पोहण्याचा तलाव, उशांचे प्रकार, गरम हवेच्या फुग्यातून उतरल्यावरची न्याहारी, सगळं आहे त्यात. रात्री दोन वाजता विहीणबाईंच्या छातीत दुखायला लागलं तर काय, याबद्दल मात्र एक ओळ नाही. ती ओळ एजंटकडून लेखी मागून घे. महाग कॅम्प सुरक्षित असतोच असं नाही. जितका खास, तितका तो आडबाजूला असतो, कुंपणाविना आणि दवाखान्यापासून लांब.

मारातल्या बहुतेक धावपट्ट्या कच्च्या आणि बिनदिव्यांच्या आहेत. अंधार पडल्यावर तिथे विमान सहसा उतरत नाही, म्हणजे रात्री काही झालं तर उजाडेपर्यंत रुग्ण कॅम्पवरच राहणार. म्हणून तीन गोष्टी विचार: प्रथमोपचार शिकलेला माणूस रात्री कॅम्पवर असतो का, ऑक्सिजन सिलेंडर आहे का, आणि मोबाइलची रेंज गेली तर बोलायला रेडिओ किंवा सॅटेलाइट फोन आहे का. ‘आमच्याकडे सगळी सोय आहे’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा कॅम्प बघ.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सची विमानं जातात. त्यांची पर्यटकांसाठी थोड्या दिवसांची सदस्यता मिळते. चांगले कॅम्प ती दरात धरतात, पण धरलीच आहे असं समजू नकोस. त्यात रुग्णाला उचलून आणणं येतं, हॉस्पिटलचं बिल येत नाही. ते विम्यातून. विमा घेताना विहीणबाईंचं बीपी आणि साखर फॉर्मवर लिहा. प्रीमियम वाढेल, पण लपवलेल्या आजारावर क्लेम नाकारतात. इव्हॅक्युएशनची, म्हणजे रुग्णाला तिथून हलवण्याची, रक्कम वेगळी बघ, आणि फुगा व पायी सफारी ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली नाही ना, तेही. बहुतेक कंपन्यांना खर्च करण्याआधी फोन लागतो. तो नंबर प्रत्येकाच्या पाकिटात कागदावर असू दे.

आता लस. भारतातून केनियात जाताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचा दाखला सक्तीचा नाही, पण केनियातून परत येताना भारत तो मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, फॅमिली डॉक्टरचं पत्र चालत नाही. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडे मिळते. दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. अपॉइंटमेंट चटकन मिळेल असं धरू नकोस. आणि विहीणबाईंचं काम वेगळं आहे. ही जिवंत विषाणूची लस, साठीपुढे पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता जास्त असते. त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला. डॉक्टर नको म्हणाले तर वैद्यकीय सूट परतताना कशी धरतात, हे केंद्रात विचारूनच त्यांचं तिकीट काढा.

मलेरियाच्या बाबतीत आपण मुंबईकर जरा निर्धास्त असतो. इथे बहुधा व्हायवॅक्स जातीचा मलेरिया होतो आणि क्लोरोक्विननं बरा होतो. तिथला फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया क्लोरोक्विनला दाद देत नाही आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्याच लागतील. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून रोज घ्यायची, परत आल्यावर आणखी सात दिवस. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडतं, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावं लागतं, उन्हानं त्वचा भाजते, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, म्हणजे ईराला नाहीच. तिचा डोस वजनावर ठरतो, बालरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या. गोळ्या मधेच सोडण्याचं प्रमाण घरी परतल्यावर सगळ्यांत जास्त असतं, आणि नेमका तेव्हाच जंतू यकृतातून रक्तात येत असतो.

डासांसाठी २० ते ५० टक्के डीट असलेलं मलम, ईराला ३० पर्यंतच. आधी सनस्क्रीन, वर ते. त्सेत्से माशीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ती गडद निळ्या-काळ्या रंगाकडे झेपावते आणि पातळ कापडातून चावते. तुझ्या जीन्स घरीच राहू देत, खाकी किंवा मातकट रंगाचे जाडसर कपडे घ्या. मिलिटरी छापाचे नकोत, आफ्रिकेतल्या काही देशांत त्यावर बंदी आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा मृणालची चपला-कपडे पिशव्यांत गुंडाळायची सवय या वेळी कापडी पिशव्यांवर भागवा.

नैरोबी ते मारा रस्त्यानं पाच-सहा तास लागतात. जनावरांपेक्षा मला त्या रस्त्याची जास्त काळजी वाटते. रिफ्ट व्हॅलीत उतरणाऱ्या घाटात ट्रकची रांग असते आणि ओव्हरटेकिंग बेफाम. छोट्या विमानानं तासाभरात पोचाल. मात्र मुंबईचं विमान नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं आणि छोटी विमानं विल्सनवरून सुटतात. मधे नैरोबीचा ट्रॅफिक, म्हणून पहिली रात्र शहरातच काढा. सामान माणशी १५ किलो, हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटातल्या कप्प्यात बसत नाही. रस्त्यानंच जायचं ठरलं तर प्रत्येक सीटला बेल्ट आहे का ते विचार, आणि अंधार पडायच्या आत पोचायचंच.

गाइड कोण, हे तंबूपेक्षा महत्त्वाचं. केनियात सफारी गाइड्सची संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा पायऱ्या देते. सिल्व्हर गाइड माग. जुलै ते ऑक्टोबरात नदी ओलांडणारी जनावरं बघायला काठावर गाड्यांची झुंबड असते आणि जादा टिपच्या आशेनं कधी गाडी नको तितकी पुढे घालतात. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे. ‘जवळ नाही गेलो तरी चालेल’ हे पहिल्याच सकाळी त्याला सांगून टाक. सिंहाला माणसं आणि गाडी मिळून एकच मोठी वस्तू दिसते. कोणी उभं राहिलं किंवा हात बाहेर काढला की तो आकार मोडतो. ईरा सेल्फीसाठी उठेलच, तिला मधल्या सीटवर बसवा.

कॅम्पवर अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय दहा पावलंसुद्धा नाही, जेवणाच्या तंबूपर्यंतही. पाणघोडे रात्री चरायला बाहेर येतात आणि पाण्याच्या वाटेत माणूस आला की हल्ला करतात. तंबूची चेन दिवसाही पूर्ण लावा आणि आत बिस्किटं-चिवडा ठेवू नका, माकडं चेन उघडतात. किती वर्षांच्या मुलांना घेतात, तेही विचार. पायी सफारीला लहान मुलं सहसा नेत नाहीत, मग ईराजवळ कोण थांबणार ते आत्ताच ठरवा.

परतल्यावर तीन महिन्यांत कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना ‘केनियाहून आलोय’ हे पहिलं वाक्य सांगा.

कॅम्पचं लेखी उत्तर आलं की मला पाठव, उरलेले पैसे त्यानंतर भर.

तुझी,
आई