पंचनाम्याचा फोटो आणि माणसाचा फोटो

सातारा

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

सकाळी मुंजीचे फोटो आणि दुपारी पोलिसांबरोबर विहिरीवर पंचनाम्याला. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध काय, असं तू विचारलंस. तेव्हापासून मला सुझन मायझेलस आठवतेय. अमेरिकन छायाचित्रकर्ती. पुरावा म्हणून काढलेला फोटो आणि माणसाच्या आठवणीचा फोटो, दोन्ही तिच्या कामात एकत्र आले.

१९७८च्या सुमारास ती मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात होती. राजधानी मानाग्वाबाहेरच्या एका टेकडीवर नॅशनल गार्डवाले, म्हणजे तिथल्या हुकूमशहाचे सैनिक, माणसं मारून टाकायचे आणि घरचे लोक बेपत्ता माणसाला शोधत तिथे यायचे. तिथला तिचा रंगीत फोटो आहे. पुढे अर्धाच उरलेला देह, मागे हिरवागार डोंगरउतार. इतका देखणा आहे की बघवत नाही. जानेवारी १९८२मध्ये ती त्याच भागातल्या एल साल्वादोर देशात एल मोसोते गावी पोचली. महिन्यापूर्वीच लष्करानं ते गाव संपवलं होतं. अमेरिकी सरकारनं तेव्हा ते मानलं नाही. १९९२मध्ये अर्जेंटिनाच्या तज्ज्ञांनी तिथे खोदलं, तेव्हा निघालेले बहुतेक सांगाडे लहान मुलांचे होते.

पण मला तुला सांगायचंय ते कुर्दिस्तानचं, म्हणजे कुर्द लोकांच्या मुलखाचं. डिसेंबर १९९१मध्ये ती उत्तर इराकमध्ये गेली. हाडांवरून माणूस ओळखणारे क्लाइड स्नो तिथे सद्दामच्या राजवटीत मारलेल्या कुर्दांच्या कबरी उकरत होते. तिथल्या अर्बिल शहरातल्या एका फोटोत स्नोंच्या हातात एका पोराची कवटी आहे. वय पंधरा ते अठरा. गोळ्यांची दोन भोकं, आणि डोळ्यांवरची पट्टी अजून तशीच. त्या पट्टीवरून कळतं, हा लढाईत पडलेला नाही, बांधून मारलाय. कोर्टाला लागतो तो पुरावा त्यात आहे, आणि कवटी धरलेल्या हातांची हळुवार पकडही. पुढच्या जूनमध्ये कोरेमे गावी, जिथे १९८८मध्ये २७ पुरुष आणि मुलगे गोळ्या घालून मारले होते, तिनं कबरीपाशी आलेल्या विधवेचा फोटो घेतला.

तू विहिरीवर फोटो आधी लांबून, मग मधल्या अंतरावरून, मग मापपट्टी ठेवून जवळून घेतोस. लेन्स सरळ धरतोस. गेलेल्या माणसाबद्दल उद्या कुणाला खोटं बोलता येऊ नये, म्हणून घेतलेली ती काळजी आहे रे. मुंजीतल्या बटूची टोपी सरळ करतोस तेव्हाही तुझा हात असाच जपून चालतो.

कबरी पाहून मायझेलस थांबली नाही. ही माणसं मेली कशी हे कळलं, पण जगली कशी? मग तिनं कुर्दांच्या घरांतले, गावोगावच्या स्टुडिओंतले जुने फोटो गोळा केले. कुणी काढला, कुणाकडे होता, हेही नोंदवत गेली. १९९७मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ झाला.

म्हणून सांगतो, माळ्यावरच्या अण्णांच्या निगेटिव्ह भंगारात घालू नकोस. पाकिटांवर त्यांच्या अक्षरात नाव-गाव-तारीख आहे ना? दिवाळीत स्कॅनर घेऊन येतो. दोघं बसून यादी करू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश