तुडतुडा छापताना मागचा पाय दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धान निसवू लागले की मौदा, रामटेक, कुही भागातून 'मावा-तुडतुड्या'च्या, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या किडींच्या, बातम्या येऊ लागतात. बातमी तपकिरी तुडतुड्याची आणि छायाचित्र मात्र हिरव्या कीटकाचे, असे वारंवार घडते. तेच छायाचित्र मोबाइलवर दाखवून शेतकरी दुकानात औषध मागतो, म्हणून हे पत्र.

कपाशीवरचा तुडतुडा आणि धानावरचा हिरवा तुडतुडा हे एका कुळातले. तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचा, हे दोघे निराळ्याच कुळातले. मराठीत मात्र चौघांना एकच नाव. रंग बघून ओळखायला जाल तर फसाल. तपकिरी तुडतुडाच फिकट पिवळसरापासून काळपटापर्यंत असतो.

कीटक कुशीवर ठेवा, दहापट भिंगातून मागचा पाय बघा. नडगी संपून पाऊल सुरू होते तिथे एक मोठा, चपटा, हलणारा काटा दिसला, तर तो तपकिरी-पांढऱ्या गटातला. तसा काटा नाही, नडगीभर कंगव्यासारख्या बारीक काट्यांच्या रांगा आहेत, तर हिरवा किंवा कपाशीवरचा. मिशांवरूनही कळते: तपकिरी-पांढऱ्या गटाच्या मिशा डोळ्यांच्या खालून निघतात, बुडाशी जाड असतात. पाठीवर पंखांच्या सांध्यांमध्ये पांढरा पट्टा असेल तर पांढऱ्या पाठीचा. तरीही शंका उरली तर सूक्ष्मदर्शकाखाली मागच्या पावलाचा पहिला सांधा बघावा. तपकिरीच्या त्या सांध्याच्या कडेला बारीक काटे असतात, पांढऱ्या पाठीच्याला नसतात.

आखूड पंखांच्या, पोट फुगलेल्या माद्या पिल्ले समजून सोडून दिल्या जातात. त्या पूर्ण वाढलेल्या असतात आणि बांधीत (धानाच्या शेतात) कीड मुक्कामाला आली, वाढते आहे, याची तीच खूण.

नमुना घेण्यातही चूक होते. धानावरून जाळी फिरवली की हिरवेच सापडतात. तपकिरी बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात. धानाचा चूड (एका जागचा रोपांचा झुबका) वाकवून खाली पांढरी ताटली धरा आणि बुंध्यावर चापट मारा. नमुना स्पिरिटमध्ये ठेवला की हिरवा रंग उडतो, म्हणून फोटो आधी काढा.

ताटलीत हिरवट-काळा, लांब मिशांचा चपळ ढेकूणही पडेल. तो मिरिड ढेकूण, तुडतुड्यांची अंडी आणि पिल्ले खाणारा. हिरवा तुडतुडा समजून त्याच्यावर फवारणी होते, हे फार वाईट. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक फवारले की असे मित्रकीटक मरतात आणि तपकिरी तुडतुडा उलट वाढतो.

तेव्हा विनंती एवढीच: बातमीत 'तुडतुडा' एवढेच न लिहिता तपकिरी, पांढऱ्या पाठीचा की हिरवा, हे पूर्ण नाव द्यावे आणि मागचा पाय स्पष्ट दिसेल असे बाजूने काढलेले छायाचित्र छापावे.

— धान पिकाचे कीड निरीक्षक, नागपूर