लालभडक पानगळीची हमी आणि माझ्या वाफ्यातली तीन भावंडं

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: 'पानगळीचे रंग' या संचात आलेली चुकीची रोपं, फसवे फोटो आणि तुमच्या खताच्या सल्ल्याने झालेलं नुकसान

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

तीन वर्षांपूर्वी वसंतात मी तुमच्याकडून 'पानगळीचे रंग' हा संच मागवला होता. त्यात तीन सर्व्हिसबेरी (छोटी गोड फळं देणारं लहान झाड), दोन ब्लूबेरी, दोन बर्निंग बुश (पानगळीत लाल होणारं झुडूप), एक प्लम, एक सफरचंद आणि एक लायलॅक (सुवासिक फुलांचं झुडूप) अशी दहा रोपं होती. संचाच्या जाहिरातीत 'दारात लालभडक शेकोटी, रंगाची शंभर टक्के हमी' असं ठळक छापलं होतं. तो मजकूर मी जपून ठेवला आहे, सोबत जोडते.

तिसरी पानगळ गेल्या आठवड्यात संपली. दहातल्या चार रोपांनी शब्द पाळला. एकाच्या बाबतीत चूक माझी आहे, ती पुढे सांगते. उरलेल्या पाचांचा हिशोब तुम्ही द्यायचा आहे.

याआधी मी तुम्हाला दोनदा लिहिलं. पहिल्या वर्षी उत्तर आलं की रोपं रुळायला वेळ द्या. ते मला पटलं. नव्या जागी मूळ धरताना झाडावर ताण असतोच, त्या वर्षीचा रंग धरू नये. दुसऱ्या वर्षी तुम्ही एक टॉनिक सुचवलं आणि मी ते विकत घेतलं. यंदा तक्रार केली तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं: 'तुमच्याकडची माती आणि हवा रंगासाठी अनुकूल नसावी.' त्या दोन ओळींमुळे हे सविस्तर पत्र लिहावं लागतंय.

हवा खराब असती तर ती सगळ्यांनाच बाधली असती. त्याच अंगणात, सर्व्हिसबेरीपासून चार पावलांवर तुमच्याच दोन ब्लूबेरी आहेत. यंदा त्या आधी कडेने किरमिजी झाल्या, मग पानभर शेंदरी, आणि शेवटचे दहा दिवस अशा पेटल्या की येणारे-जाणारे थांबून बघत होते. ब्लूबेरीला आंबट माती लागते म्हणून तिच्या वाफ्याचा सामू (पीएच) मी मोजून 5 च्या आसपास ठेवलाय. बाकीच्या वाफ्यांत तो 6.5 आहे, आणि त्यातल्या एकाही झाडाला तो जड जाऊ नये. पानं हिरवीगार होती, शिरांमधला भाग पिवळा पडलेला नव्हता, म्हणजे लोहाची कमतरताही नव्हती. यंदा दिवस लख्ख उन्हाचे होते, रात्री गार होत्या पण गोठवणाऱ्या नव्हत्या. लाल रंगाला याहून चांगली हवा कोणती हवी?

तुमच्या उत्तर लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मानायला जड जातं, तरी लिहिते. पानगळीतला पिवळा रंग पान नव्याने बनवत नाही. तो उन्हाळाभर पानातच असतो, हरितद्रव्य मोडलं की उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नाही. ते लाल रंगद्रव्य, अँथोसायनिन, बहुतेक झाडं अखेरच्या दिवसांत नव्याने तयार करतात. देठाच्या बुडाशी पेशींचा थर धरू लागतो, पानातली साखर बाहेर पडेनाशी होते, वरून ऊन मिळतं आणि लाली चढते. म्हणून तर एकाच झाडाची उन्हाकडची बाजू लाल आणि सावलीकडची पिवळी दिसते. पण ऊन आणि गारवा अंगात असलेला गुण तेवढा खुलवतात. जातीत लाल नसेल तर कितीही लख्ख दिवस आले तरी लाल कुठून येणार? पानगळीचा रंग विकणाऱ्याने मुळात जात विकायची असते, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

आधी सर्व्हिसबेरी. तुमच्या जाहिरातीच्या पानावर जातीचं नाव 'ऑटम ब्रिलियन्स' होतं. ही जात केशरी-लाल रंगासाठीच निवडलेली आहे, आणि तिची रोपं छाटकलमाने किंवा ऊतिसंवर्धनाने, म्हणजे मूळ झाडाच्याच तुकड्यापासून, वाढवावी लागतात. बी पेरून ती तशीच्या तशी मिळत नाही. मला आलेल्या तिन्ही रोपांच्या पट्टीवर नुसतं 'सर्व्हिसबेरी' एवढंच आहे, जातीचा पत्ता नाही. तरी मी म्हटलं, असेल पट्टी छोटी.

ही तिन्ही मी एका ओळीत, एका वाफ्यात, एकाच दिवशी लावली. ऊन सारखं, पाणी सारखं, खालचं आच्छादनही एकाच ढिगातलं. यंदा पहिलं केशरी-लाल झालं, अगदी तुमच्या फोटोसारखं. मधलं पिवळं झालं. वाईट नव्हतं, पण पिवळंच. तिसऱ्याची पानं हिरव्यावरून थेट मातकट तपकिरी झाली आणि पहिल्या वाऱ्यात गेली. तिघांची पालवीही वेगवेगळ्या दिवशी फुटते: पहिल्याचे कोंब तांबूस असतात, तिसऱ्याचे मुळीच नाहीत. एका झाडाची कलमं अशी वागत नाहीत. बियांची भावंडं वागतात, एकाच घरातली मुलं वेगवेगळ्या चेहऱ्यांची निघावीत तशी. त्यात त्या झाडांचा दोष नाही. बियांपासूनची रोपं विकण्यातही काही गैर नाही, पण मग तसं लिहा, आणि त्यांच्यावर कलमाच्या जातीचं नाव चढवू नका.

आता प्लमचा फोटो. हा मी रात्री उशिरापर्यंत मोठा करून बघितला आणि शेवटी हसले. संचाच्या पानावर गडद जांभळट-लाल पानांचं झाड आहे आणि खाली मथळा आहे 'पानगळीतला प्लम'. त्या झाडाच्या उजव्या फांदीवर फिकट गुलाबी फुलं आहेत. पानगळीत प्लम फुलतो का? तो फोटो वसंतातला आहे, आणि झाडही मी घेतलेलं नाही. तो जांभळ्या पानांचा चेरी-प्लम आहे, ज्याची पानं कोंबापासूनच जांभळी निघतात आणि उन्हाळाभर तशीच राहतात. 1880 च्या सुमारास इराणच्या शहाच्या पदरी असलेल्या पिसार नावाच्या फ्रेंच माळ्याने तो फ्रान्सला पाठवला, म्हणून त्याला आजही पिसारचा प्लम म्हणतात. झाड सुरेख आहे, पण तुम्ही मला दिलंय साधं खायच्या प्लमचं, ज्याची पानं शेवटी फिकट पिवळी होऊन गळतात. ते तरी दुसरं काय करणार? (फळं मात्र गोड आहेत. हे झाड मी परत करणार नाही, त्याची भरपाईही मागत नाही. फोटो तेवढा काढा.)

सफरचंदाबद्दल थोडक्यात. सफरचंदाच्या पानाला रंगाचा फारसा सोस नसतो. बहुतेक जातींची पानं उशिरापर्यंत हिरवी राहतात, मग मळकट पिवळी होतात आणि थंडीने तपकिरी पडतात. तुमच्या फोटोत सफरचंदाची पानं लाल आहेतच, पण खालचं गवतही केशरी आहे आणि टेकवून ठेवलेली शिडीसुद्धा. रंग झाडाचा नाही, फोटो सजवणाऱ्याचा आहे.

फोटोतल्या लायलॅकच्या जागी साधा लायलॅक आलाय. पानं हिरवी असतानाच गळतात, या झाडाची रीतच तशी आहे. फोटोतलं वाइन रंगाचं झुडूप 'मिस किम' या वेगळ्या लायलॅकचं आहे. ते बुटकं राहतं, पानं लहान आणि कडेला किंचित लहरदार असतात. माझ्याकडचं तिसऱ्या वर्षीच माझ्या खांद्याला लागलंय आणि पानं तळहाताएवढी, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची आहेत. एकाच्या नावावर दुसरं खपवलंय.

खरा राग मला टॉनिकचा आहे. बाकी सगळं फसवणुकीत बसतं, हे नुकसानीत बसतं. दुसऱ्या वर्षी उन्हाळा संपता संपता तुमच्या प्रतिनिधीने लेखी कळवलं की 'रंग खुलण्यासाठी' तुमचं पर्ण-टॉनिक आठवड्याच्या अंतराने तीनदा घाला. पिशवीवरचे आकडे 24-8-8 होते, म्हणजे जवळपास चौथाई भाग नत्र. मी घातलं, कारण तुम्ही रोपवाटिकावाले, मी गिऱ्हाईक.

त्या सुमारास झाड वाढ आवरती घेत असतं. पानातलं नत्र, स्फुरद मागे खेचून खोडाच्या सालीत आणि मुळांत साठवतं. पानातलं निम्म्याच्या आसपास नत्र असं परत जातं. लाल रंग चढतो तो याच आवराआवरीत. अशा वेळी बुडाशी नत्र ओतलं की झाड गोंधळतं. नवे कोवळे शेंडे फुटतात, हरितद्रव्य मोडायचं लांबतं आणि देठाशी थर धरत नाही. रंग खुलवायचा राहिला, तुम्ही तो पुढे ढकलायचं औषध विकलंत.

याचा पुरावा माझ्याकडे आहे, आणि तो निव्वळ योगायोगाने मिळाला. पिशवी शेवटच्या रोपाआधी संपली. दोन्ही ब्लूबेरी 'ब्लूक्रॉप' जातीच्या, एकाच वाफ्यातल्या. एकीला तिन्ही वेळा टॉनिक मिळालं, दुसरीला एकदाही नाही. उपाशी राहिलेली वेळेवर शेंदरी झाली आणि गळली. टॉनिक प्यालेली हिरवीकंच उभी होती, मला वाटलं आता सावकाश रंगेल. मग एका रात्री कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी सगळी पानं करपून काळपट झाली. गळलीही नाहीत, कारण गळायची तयारीच झाली नव्हती. बर्फ पडेपर्यंत फांद्यांना चिंध्यांसारखी लोंबत होती. पुढच्या वसंतात तिचे वीतभर शेंडे मेलेले निघाले. ब्लूबेरीच्या फळकळ्या गेल्या वर्षीच्या शेंड्यांवरच असतात, म्हणजे त्या वर्षीचं तिचं फळही गेलं. यंदा कोणालाच टॉनिक दिलं नाही, आणि दोघी बहिणी बरोबरीने लाल झाल्या. दोन्ही वर्षांचे फोटो तारखेसह जोडले आहेत.

आता माझी चूक. दोनपैकी एक बर्निंग बुश मी लाकडाच्या खोपीमागे, दिवसभर सावलीत लावलं. उन्हातलं लालभडक होतं, सावलीतलं फिकट गुलाबी. ते मी भरपाईत धरलेलं नाही, ते मी माझ्या अंगावर घेते. मात्र याच झुडपाबद्दल तुमच्या पानावर 'निरुपद्रवी, कुठेही लावा' असं लिहिलंय, ते दुरुस्त करा. याची फळं पक्षी खातात आणि बिया रानात नेतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत याच कारणाने त्याच्या विक्रीवर बंदी आहे. घेणाऱ्याला हे आधी कळलं पाहिजे. मला कळलं असतं तर मी त्याऐवजी ॲरोनिया नावाचं झुडूप, घेतली असती ती: तिची पानंही लाल होतात आणि वर फळंही मिळतात.

राहता राहिली हमी. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की भरपाई फक्त झाड मेलं तर मिळते. मग 'रंगाची हमी' हे शब्द कशाला छापलेत? माझी सगळी झाडं जिवंत आहेत, मी ती नीट सांभाळली आहेत, आणि त्याचीच शिक्षा मला मिळते आहे.

माझ्या मागण्या अशा: पिवळ्या आणि तपकिरी सर्व्हिसबेरीच्या बदल्यात खऱ्या 'ऑटम ब्रिलियन्स'ची दोन रोपं, आणि साध्या लायलॅकच्या बदल्यात 'मिस किम' द्या. नसतील तर त्या तीन रोपांचे पैसे परत करा. टॉनिकचे पैसे तर कोणत्याही परिस्थितीत परत हवेत. प्लम आणि सफरचंदाचे फोटो पानावरून काढा. आणि उन्हाळ्याच्या शेवटी नत्र घालायचा सल्ला ज्यांना ज्यांना दिलात, त्यांना तो मागे घेतल्याचं कळवा. माझ्यासारखेच त्यांचेही शेंडे गेले असतील, आणि ते बिचारे अजून आपल्या मातीला दोष देत बसले असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. नाही आलं तर हेच पत्र, हेच फोटो घेऊन मी ग्राहक तक्रार मंचाकडे जाईन.

रोपं पाठवणार असाल तर जमीन गोठायच्या आत पाठवा, नाहीतर थेट वसंतात, कळ्या फुटायच्या आधी. मधल्या काळात पाठवू नका, मी खड्डा खणू शकणार नाही. आणि प्रत्येक रोपाच्या पट्टीवर जातीचं पूर्ण नाव आणि ते कलमाचं आहे की बियांचं, हे पुसलं जाणार नाही अशा शाईने लिहा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: जाहिरातीची प्रत, टॉनिकच्या सल्ल्याचा लेखी निरोप, पिशवीवरच्या आकड्यांचा फोटो, तिन्ही सर्व्हिसबेरींचे एकाच दिवशी काढलेले फोटो, दोन्ही ब्लूबेरींचे दोन वर्षांचे फोटो.