आवडते सादरीकरण हात वर करून ठरवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या मुलांनी परदेशांतील संस्कृतींवर केलेली सादरीकरणे ऐकण्यासाठी मला नुकतेच बोलावणे आले होते. आयुष्यभर भूगोल शिकवला असल्यामुळे मी आनंदाने गेले आणि दोन दिवस मागच्या बाकावर बसून चौदाही गटांचे बोलणे ऐकले. मुलांची मेहनत पाहून समाधान वाटले. शेवटच्या तासाला जे घडले, त्याने मात्र मी अस्वस्थ झाले आहे.

वर्गाला हात वर करायला सांगून ‘आवडती तीन सादरीकरणे’ निवडण्यात आली. त्या तीन गटांना अंतर्गत गुणांत पाच गुण वाढवून मिळतील आणि चाचणी परीक्षेतील प्रश्नही त्याच तीन देशांवर येतील, असे लगेच जाहीर झाले. नाच बसवलेला दक्षिण कोरिया, वर्गात पिझ्झाचे तुकडे वाटणारा इटली आणि पिसांचे मुकुट घालून कार्निव्हल उभा करणारा ब्राझील हे तिघे निवडून आले. उरलेल्या अकरा देशांची टिपणे मुलांनी त्याच क्षणी दप्तरात टाकली, कारण परीक्षेला नसलेले वाचायचे कशाला?

त्या अकरांत नेदरलँड्स होता. तो मांडणारी मुलगी पूरपट्ट्यात राहणारी होती. तिच्याकडे पोशाख नव्हता की खाऊ नव्हता, हाताने काढलेला एक नकाशा तेवढा होता. त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे, हे सांगून ती १९५३ सालाकडे आली. त्या वर्षी ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राला आलेल्या उधाणाने बांध फोडले आणि त्या देशात १८३६ माणसे दगावली. पुढे तिने तेथील पाणी मंडळांची माहिती दिली. ही मंडळे तेराव्या शतकापासून चालत आली असून, बांध आणि कालवे राखण्यासाठी ती स्वतःचा कर बसवतात आणि त्यांच्या सदस्यांसाठी रहिवासी मतदान करतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा आपण सगळे मोबाइलवर फुटांचे आकडे पाहत बसलो होतो. पाण्याची काळजी हा नेदरलँड्समध्ये रोजच्या नागरिक जीवनाचा भाग कसा झाला असेल, असा प्रश्न तिने वर्गापुढे ठेवला. संस्कृती म्हणजे सण, पोशाख आणि पदार्थ एवढेच नव्हे, हे त्या दोन दिवसांत सर्वांत स्पष्टपणे तिनेच दाखवले. तिच्यासाठी चार हात वर झाले.

निवडून आलेल्या गटांनी काही चुकीचे केले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कोरियाच्या गटाने तर फार मोलाची माहिती आणली होती. राजा सेजोंगच्या काळात तयार झालेली त्यांची लिपी १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर झाली आणि तिच्यातील मूळ व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळी जीभ, दात, ओठ, घसा कसे असतात यावरून घेतलेले आहेत. आपली वर्णमालाही कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. हे दोन्ही शेजारी ठेवून मुलांना किती शिकवता आले असते! पण गटाने लिपीला दीड मिनिट दिले आणि नाचाला सहा. मते कशाला मिळतात, हे मुलांना आपण न सांगताही कळते. मेक्सिकोचा गटही असाच मागे राहिला. तेथे १ आणि २ नोव्हेंबरला मृत आप्तांचे स्मरण करताना झेंडूच्या फुलांनी वेदी सजवतात, हे ऐकल्यावर एका मुलाने आपल्या पितृपंधरवड्याची आठवण काढली. दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू मुळात अमेरिका खंडातला, हे तिथेच सांगता आले असते. पण पुढच्या गटाची वेळ झाली होती.

आवडीला परीक्षेत जागा असावी, असेच माझे मत आहे. मात्र गुण निवडल्या गेलेल्या गटाला नव्हे, तर निवड करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या कारणांसाठी मिळायला हवेत. चौदा सादरीकरणांपैकी तुम्हाला सर्वांत आवडलेली दोन कोणती, त्यांतून आधी ठाऊक नसलेले काय कळले आणि कोणता प्रश्न मनात राहिला, असे उत्तरपत्रिकेत विचारावे. दोन्ही निवडी स्वतःच्या गटाबाहेरच्या असाव्यात, म्हणजे मैत्रीखातर हात वर करण्याचा प्रश्न राहणार नाही आणि दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकावे लागेल. ज्याला पिझ्झा आवडला, त्याने तसे खुशाल लिहावे. पण युरोपात टोमॅटो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात आला, तर त्याआधी इटलीतील स्वयंपाक कसा असेल, इथवर तो पोहोचला तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.

प्रत्येकाचे उत्तर वेगळे असले तर तपासायचे कसे, अशी शिक्षकांची अडचण मला त्या दिवशी सांगण्यात आली. ती खोटी नाही. साठ-सत्तर उत्तरपत्रिका आणि त्यावर इतर कामांचा बोजा मीही अनुभवला आहे. तरी दिलेली माहिती बरोबर आहे का आणि सांगितलेले कारण विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे का, एवढे दोनच निकष ठेवले तर हे काम आवाक्यातले आहे. तीन देशांवरची एकसारखी पाठ केलेली उत्तरे तपासण्यापेक्षा ते शिक्षकालाही अधिक आनंद देईल, याची मला खात्री आहे.

संबंधित महाविद्यालयातील चाचणीला अजून दोन आठवडे आहेत. तोपर्यंत चौदाही गटांची एकेक पानाची टिपणे वर्गातील फलकावर लावावीत, तीन देशांची मर्यादा काढून टाकावी आणि त्या मुलीचा नकाशा सर्वांना नीट पाहता येईल अशा जागी लावावा, अशी माझी तेथील प्राचार्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, विश्रामबाग, सांगली